आजोबांचा झोर्की : दुरुस्त करावा की बदलावा?

१/
आजच्या थ्रेडमध्ये कोणताही राजा नाही, तह नाही. आज एका बंद पडलेल्या कॅमेऱ्याविषयी लिहायचे आहे. तो आमच्या घरातला आहे, रशियन बनावटीचा आहे, आणि तो मीच बिघडवला. दुरुस्त करावा की त्याऐवजी दुसरा घ्यावा, असा साधा प्रश्न गेल्या वर्षी घरात उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना मी १९७२च्या दुष्काळातील काही छायाचित्रे नेमकी कोणाची, या प्रश्नापाशी येऊन पोहोचले. थ्रेड मोठा आहे; सवडीने वाचावा.

२/
आधी पार्श्वभूमी. आजोबा पाथर्डी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९६९ साली मुंबईला गिरणीत काम करणाऱ्या मेव्हण्याच्या ओळखीने त्यांनी एक वापरलेला कॅमेरा विकत घेतला. त्याचे नाव 'झोर्की-४'. रशियन भाषेत 'झोर्की' म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. आजोबा गेल्यावर कॅमेरा चामडी पेटीत, पेटी ट्रंकेत आणि ट्रंक माळ्यावर, अशी वीस-बावीस वर्षे गेली. सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात निगेटिव्हच्या अकरा पट्ट्या होत्या. एकीवरही नाव नाही, तारीख नाही.

३/
गेल्या वर्षी माळा आवरताना मी तो कॅमेरा खाली काढला. लेन्सवर बुरशीची जाळी धरली होती, पण आतली यंत्रणा चालत होती. उत्साहाच्या भरात मी शटरच्या वेगाची तबकडी फिरवली, आणि काहीतरी अडकल्याचे हाताला जाणवले. त्यानंतर शटर उघडले नाही. पुढे वाचून कळले की या कॅमेऱ्याचा एक पक्का नियम आहे : आधी गुंडी फिरवून शटर भरावे, मगच वेग बदलावा. क्रम चुकला तर आतल्या यंत्रणेला इजा होते. आजोबांनी हा नियम एवढी वर्षे पाळला. मी तो पहिल्या पाच मिनिटांत मोडला.

४/
घरात तीन मते पडली. बाबांचे मत : "हाच कॅमेरा चालू अवस्थेत पाच हजारांत ऑनलाइन मिळतो. दुसरा घे आणि मोकळी हो." मोठ्या काकांचे मत : "अगं, वडिलांची वस्तू आहे. हात लावू नकोस. काचेच्या कपाटात ठेव." माझे मत दुरुस्तीच्या बाजूने होते, पण त्यामागे अपराधी भावनेखेरीज काही युक्तिवाद नव्हता. नगरमधल्या एका घड्याळजींनी पाहून मान हलवली. पुण्यातील एका वृद्ध कारागिरांनी साडेचार हजार रुपये सांगितले. म्हणजे दुरुस्ती आणि बदली, दोहोंचा खर्च जवळजवळ सारखाच. पैशाने प्रश्न सुटणार नव्हता.

५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा वेळी एकच मार्ग ठाऊक असतो : निर्णयाआधी वस्तू समजून घ्यावी.

हा रेंजफाइंडर कॅमेरा आहे. रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. अशा कॅमेऱ्याच्या पुढल्या बाजूला, एकमेकींपासून काही सेंटिमीटरवर, दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून दृश्य सरळ दिसते. दुसरीतून आलेले दृश्य आरशाने वळवून पहिल्याच्या मधोमध एका फिकट ठिपक्यात दाखवले जाते. लेन्स फिरवताना ठिपक्यातली प्रतिमा सरकते. दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की अंतर जुळले, चित्र स्पष्ट येणार.

६/
यामागचे तत्त्व आपल्या डोळ्यांतच आहे. हाताचे बोट नाकासमोर धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. बोट जागा बदलते. बोट जवळ असेल तर जास्त, दूर असेल तर कमी. दोन डोळे आणि बोट यांचा त्रिकोण होतो. पाया आणि कोन ठाऊक असले की अंतर काढता येते. भूमापन करणारे हेच गणित डोंगरमाथ्यांवर मांडत. झोर्कीत ते जेमतेम चार सेंटिमीटरच्या पायावर मांडलेले आहे.

७/
हे यंत्र छायाचित्रकारांसाठी जन्माला आले नाही. ते तोफखान्यासाठी जन्मले. १८८८ साली ब्रिटिश युद्ध खात्याने पायदळासाठी अंतरमापक हवा असल्याची जाहिरात दिली. आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी त्यासाठी यंत्र बनवायला घेतले. सैन्याने ते तेव्हा स्वीकारले नाही. पुढे ब्रिटिश नौदलाने स्वीकारले. बार अँड स्ट्राउड ही ग्लासगोची कंपनी युद्धनौकांच्या अंतरमापकांसाठी जगभर ओळखली जाऊ लागली. क्षितिजावरचे जहाज किती दूर आहे हे कळल्याखेरीज तोफेचा नेम धरता येत नाही.

८/
नगरकरांना यासाठी ग्लासगोला जाण्याची गरज नाही. आपले शहर हे भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षणकेंद्र. १९९४ साली येथे उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात १९६५च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा उभा आहे. पुढच्या वेळी गेलात तर त्याच्या घुमटाच्या दोन्ही बाजू नीट पाहा. डावी-उजवीकडे फुगवटे दिसतील. ती अंतरमापकाच्या दोन डोळ्यांची जागा. त्याची रचना झोर्कीहून वेगळी आहे आणि पाया कितीतरी मोठा, पण त्रिकोण तोच. आजोबांच्या कॅमेऱ्याचा हा थोरला भाऊबंद मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, नाते मात्र आता कळले.

९/
तोफेकडून कॅमेऱ्याकडे हा प्रवास जर्मनीत झाला. वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीतील ऑस्कर बार्नाक यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा खिशात मावेल असा कॅमेरा घडवला होता. १९२५ साली तो 'लायका' या नावाने बाजारात आला. त्यात अंतरमापक नव्हता; अंतर अंदाजाने ठरवावे लागे, किंवा वेगळे उपकरण वर बसवावे लागे. १९३२ साली 'लायका-२' मध्ये अंतरमापक लेन्सशी जोडला गेला. त्याच वर्षी झाइस आयकॉन कंपनीचा 'कॉन्टॅक्स' आला. छायाचित्रकार आता लोकांत मिसळून, चालता चालता, अचूक चित्र टिपू शकत होता.

१०/
लायका महाग होता, आणि सोव्हिएत रशियाला तो हवा होता. उपाय त्यांनी वेगळाच काढला. युक्रेनमधील खारकीव्ह येथे निराधार व रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी १९२७ पासून एक श्रमवसाहत चालत होती. तिचे प्रमुख होते शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको. या वसाहतीच्या कारखान्यात १९३४ पासून लायकाची हुबेहूब नक्कल तयार होऊ लागली. नाव 'फेड' : सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की याची आद्याक्षरे. ज्या मुलांना समाजाने टाकून दिले होते त्यांच्या हातून जगातले एक अतिशय नाजूक यंत्र घडत होते, आणि त्यावर कोरले जात होते गुप्त पोलिसांच्या प्रमुखाचे नाव. विसाव्या शतकाचा इतिहास असा एकाच वस्तूत गुंतलेला सापडतो.

११/
दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यानेही हेच काम हाती घेतले. १९४८ साली तेथून 'झोर्की' बाहेर पडला. 'झोर्की-४' हे मॉडेल १९५६ ते १९७३ या काळात बनले आणि त्याचे सुमारे १७ लाख नग निघाले. या कारखान्याच्या कॅमेऱ्यांवरील क्रमांकाचे पहिले दोन आकडे सहसा उत्पादनाचे वर्ष सांगतात. आमच्या कॅमेऱ्यावर ६६ आहे. म्हणजे आजोबांच्या हाती आला तेव्हा तो फार तर तीन वर्षांचा होता.

१२/
आपल्याकडे हा काळ परकीय चलनाच्या टंचाईचा. १९५६-५७ नंतर चैनीच्या मानल्या गेलेल्या वस्तूंच्या आयातीवर कडक बंधने आली. सोव्हिएत संघाशी मात्र डिसेंबर १९५३ मध्ये व्यापारी करार झाला होता आणि त्यांच्याशी होणारा व्यवहार रुपयांत चालत असे. डॉलर वा पौंड खर्ची पडत नसल्याने यंत्रांपासून पुस्तकांपर्यंत अनेक रशियन वस्तू मध्यमवर्गीय घरांत शिरल्या. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अखेरच्या दिवसांत हेन्री कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन दिल्लीत होते. तसला कॅमेरा प्राथमिक शिक्षकाच्या स्वप्नातही येणे कठीण. त्याची रशियन भावकी मात्र, जुन्या बाजारात का होईना, हाताशी येऊ शकत होती.

१३/
आता मूळ प्रश्नाकडे. १७ लाख नगांपैकी एक बिघडला, तर दुसरा का घेऊ नये? त्याच साच्यातला, त्याच वर्षाचा, तेच काम करणारा. कॅमेरा हे केवळ साधन असेल तर बाबांचे म्हणणे बिनतोड होते.

येथे मला आपल्याच नगरची एक जुनी गोष्ट आठवली. विजापूरच्या बुरुजावरील 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ विजापूरची नव्हे. ती १५४९ साली अहमदनगर येथे, निजामशाहीत, मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. आदिलशाहीकडे ती पुढे परांड्याहून गेली.

१४/
१८५४ साली साताऱ्याच्या कमिशनरने विजापुरातील निरुपयोगी डेडस्टॉक विकून टाकण्याचा हुकूम काढला. त्या यादीत मलिक-ए-मैदानही होती. लिलावात सर्वोच्च बोली आली १५० रुपयांची. एवढ्या धातूला एवढीच किंमत कमी आहे, शिवाय या तोफेविषयी लोकांच्या मनात श्रद्धा आहे, असे तेथील मामलेदाराने वरिष्ठांना कळवले, आणि विक्री रद्द झाली. एका मामलेदाराने वेळेवर पत्र लिहिले नसते तर ती तोफ वितळली असती.

शाळेतल्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मोडकी बाके आणि फुटके घंटे यांची नोंद करणारे आजोबा हा शब्द रोज लिहीत असणार.

१५/
मामलेदाराने दोन कारणे दिली होती : धातूची किंमत आणि लोकांची श्रद्धा. बाबा पहिले कारण मांडत होते, मोठे काका दुसरे. पण वस्तूचे एक तिसरे मोलही असते, आणि इतिहासाच्या वर्गात आम्ही तेच शिकतो. वस्तू ही पुरावा असते. मग माझा प्रश्न बदलला. हा कॅमेरा कशाचा पुरावा आहे? आणि बदलल्याने, दुरुस्तीने किंवा कपाटात ठेवल्याने तो पुरावा राहतो की जातो?

उत्तर पत्र्याच्या डब्यात होते.

१६/
अकरा पट्ट्या मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून पाहिल्या. खडी फोडणाऱ्या बायकांची रांग. डोक्यावर पाटी, पाठीला मूल. टँकरभोवती घागरी. जनावरांची छावणी, बरगड्या मोजता येतील असे बैल. अर्धवट बांधलेल्या पाझर तलावाच्या भिंतीवर शेकडो माणसे. एका चित्रात मुलांच्या हातात वाट्या आणि मोठ्या पातेल्याजवळ उभे शिक्षक.

हे १९७२ आहे, हे आजीने पाहताक्षणी सांगितले. "ही सुकडी," ती म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

१७/
ज्यांचा जन्म आपल्यासारखा त्यानंतरचा, त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७० पासून महाराष्ट्रात पाऊस सलग कमी पडत गेला आणि १९७२-७३ मध्ये दुष्काळाने कळस गाठला. नगर जिल्ह्याचा पूर्व आणि दक्षिण भाग, म्हणजे पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदे, हा कायमचा अवर्षणप्रवण. सरकारने रस्ते, पाझर तलाव, बंडिंग, खडी फोडणे अशी दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभरात त्यांवर सुमारे ५० लाख मजूर होते. रेशनवर परदेशी लाल ज्वारी, 'मिलो', मिळे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव भागात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना या अनुभवातूनच राज्यव्यापी झाली; तिचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

१८/
या दुष्काळाविषयी अहवाल पुष्कळ, आकडे पुष्कळ. पण खडीच्या ढिगाऱ्याशेजारी बसून, त्याच गावच्या माणसाने टिपलेली चित्रे ही वेगळी गोष्ट आहे. बाहेरून आलेला छायाचित्रकार दुष्काळ पाहतो. गावचा मास्तर आपल्या विद्यार्थ्यांच्या आया पाहतो.

मात्र एक अडचण होती. मोठे काका ठामपणे म्हणाले, "ही वडिलांनी काढलेली नाहीत. त्या वेळी नगरहून एक फोटोवाला यायचा. त्याच्याकडून वडिलांनी निगेटिव्ह मागून घेतल्या." काका तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांची आठवण झटकून टाकण्याचा मला अधिकार नव्हता, आणि पुराव्याविना मान्य करण्याचाही नव्हता.

१९/
निगेटिव्ह ही दस्तऐवजासारखीच वाचावी लागते. आधी कागद पाहावा, मग मजकूर. इथला कागद म्हणजे फिल्म. काही पट्ट्यांच्या कडेवर 'ऑर्वो' अशी अक्षरे होती. ही पूर्व जर्मनीतील वोल्फेन येथील फिल्म. हे नाव १९६४ पासून वापरात आले. म्हणजे चित्रे त्याआधीची नाहीत. आजीच्या सांगण्याशी हे जुळले, पण कॅमेरा कोणाचा हे त्यातून कळेना. ऑर्वोची फिल्म नगरच्या फोटोवाल्याकडेही असू शकते आणि आजोबांकडेही.

२०/
मग कळीचा मुद्दा सापडला. कॅमेऱ्याच्या आत, शटर आणि फिल्म यांच्या मध्ये, धातूची आयताकृती चौकट असते : २४ बाय ३६ मिलिमीटर. प्रकाश तिच्यातून फिल्मवर पडतो. या चौकटीची कड कधीही पूर्ण सरळ नसते. कुठे कानशीची बारीक खूण, कुठे रंगाचा फुगलेला थेंब, कुठे धातूचे सूक्ष्म कुसळ. फिल्म चौकटीला जवळजवळ चिकटलेली असल्याने तिच्या कडेची सावली प्रत्येक चित्राच्या सीमेवर उमटते. छापील फोटोत ती कापली जाते, निगेटिव्हवर राहते. साच्यातून १७ लाख कॅमेरे निघाले, तरी प्रत्येकाची कड वेगळी. अंगठ्याचा ठसाच म्हणा ना.

२१/
हे माझ्या कल्पनेचे खेळ नव्हेत. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. संशयित ली हार्वे ऑस्वल्ड हातात बंदूक घेऊन घराच्या परसात उभा असल्याची छायाचित्रे पोलिसांना मिळाली. ती खरी आहेत का, असा वाद उठला. एफबीआयचे छायाचित्रतज्ज्ञ लिंडल शॅनीफेल्ट यांनी ऑस्वल्डच्या साध्याशा 'इम्पीरियल रिफ्लेक्स' कॅमेऱ्यातून नवे चित्र काढले, त्याच्या निगेटिव्हची कड आणि पोलिसांना सापडलेल्या निगेटिव्हची कड शेजारी ठेवली, आणि ती याच कॅमेऱ्यातून निघाल्याची साक्ष १९६४ साली वॉरेन आयोगापुढे दिली. तो कॅमेरा कोणी टाकून दिला असता, तर ही साक्ष देता आली नसती.

२२/
झोर्की-४ चे पाठीमागचे झाकण पूर्ण निघते. ते काढून मी चौकटीचे चारही बाजूंनी भिंगातून फोटो घेतले. खालच्या कडेला, उजव्या कोपऱ्यापासून जवळच, एक टोकदार कुसळ. वरच्या कडेला रंगाचे दोन फुगवटे, एक मोठा, एक छोटा. मग अकराही पट्ट्या एकेक करून तपासल्या. दोन संध्याकाळी गेल्या.

नऊ पट्ट्यांवर तिन्ही खुणा आपापल्या जागी होत्या. दोन पट्ट्यांवर नव्हत्या. त्यांची कड वेगळीच, कोपरेही थोडे गोलसर.

२३/
त्या दोन पट्ट्यांत काय होते? एका पुढाऱ्याची कामावरील भेट, हारतुरे, जीपगाडी. म्हणजे काकांची आठवण खोटी नव्हती. फोटोवाला आला होता, आणि त्याच्याकडून काही निगेटिव्ह घरी आल्या असाव्यात. पण खडी, टँकर, छावणी, सुकडी : ही नऊ पट्ट्यांतली चित्रे आमच्या माळ्यावरच्या कॅमेऱ्यातून निघाली होती.

मी काकांना दोन्ही कडा शेजारी ठेवून दाखवल्या. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही दोघंही बरोबर."

२४/
येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. चौकटीची खूण कॅमेरा सिद्ध करते, हात सिद्ध करत नाही. एका चित्रात आजोबा स्वतः पातेल्याजवळ उभे आहेत. झोर्कीला स्वयंचलित टायमर आहे, तेव्हा ते चित्र त्यांनीच लावले असेल. किंवा कळ दुसऱ्या कोणी, कदाचित एखाद्या विद्यार्थ्याने, दाबली असेल. म्हणून मी पट्ट्यांच्या पाकिटांवर "आजोबांनी काढलेली छायाचित्रे" असे लिहिले नाही. "आजोबांच्या झोर्की-४ मधून काढलेली छायाचित्रे" असे लिहिले. दोन वाक्यांत फरक थोडा दिसतो, पण आपल्या विषयाची सगळी शिस्त त्या फरकात आहे.

२५/
आता निर्णय सोपा झाला होता. बदली बाद : दुसऱ्या झोर्कीत ते कुसळ नसणार. नवा घेऊन जुना भंगारात गेला असता तर नऊ पट्ट्या पुन्हा अनाथ झाल्या असत्या.

मग काकांचे कपाट का नको? कारण चामडी पेटीत, दमट हवेत, बंद ठेवल्यानेच लेन्सला बुरशी लागली होती. शटरचे पडदे रबर लावलेल्या कापडाचे असतात. न वापरता पडून राहिले की ते कडक होतात, तडकतात. आतले तेल घट्ट होते. हात न लावणे म्हणजे जपणे नव्हे. राहिली दुरुस्ती, पण तीही डोळे मिटून नव्हे.

२६/
पुण्याच्या कारागिरांकडे जाताना एका कागदावर तीन अटी लिहून नेल्या. एक, काढलेला प्रत्येक जुना भाग परत द्यावा. दोन, काय बदलले ते लिहून द्यावे. तीन, फिल्मच्या चौकटीला हात लावू नये.

तिसरी अट वाचून ते हसले. "ताई, मी तर ती कड घासून, काळा रंग देऊन एकदम नव्यासारखी करणार होतो. खराब झालीय ना." मी पट्ट्या दाखवल्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावले, एकदा चौकट पाहिली, एकदा निगेटिव्ह. मग म्हणाले, "चाळीस वर्षे कॅमेरे उघडतोय. किती जणांच्या खुणा घासून टाकल्या असतील कुणास ठाऊक."

२७/
वाईट दुरुस्ती आणि चांगली दुरुस्ती यांतला फरक मला त्या दुकानात कळला. जुन्या वास्तूंच्या जतनात हाच वाद शतकभर चालला आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेने त्यावर काही सूत्रे घालून दिली : मूळ सामग्री आणि अस्सल पुरावे यांचा आदर राखावा, जेथून अंदाज सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबावी, नवा भाग मूळ भागाहून ओळखता यावा, सगळ्या कामाची नोंद ठेवावी. किल्ल्याच्या तटाला जे लागू, ते आजोबांच्या कॅमेऱ्यालाही लागू. नव्यासारखे करणे हा दुरुस्तीचा हेतू असला की इतिहासाला धोका असतो. चालते करणे हा हेतू असला की दोघांची सोय होते.

२८/
दोन महिन्यांनी कॅमेरा परत आला. पडदे नवे, वेगाच्या तबकडीखालचा वाकलेला भाग सरळ केलेला, तेल नवे, लेन्सवरील बुरशी बरीचशी निघालेली, अंतरमापकाच्या दोन प्रतिमा पुन्हा एका पातळीत. बुरशीने काचेवर कोरलेली पुसट नक्षी मात्र राहिली आहे. उजेडासमोर धरले की दिसते. जुने पडदे एका पाकिटात, त्यावर तारीख. चौकट जशी होती तशी.

बाबांनी विचारले, "एवढे सगळे बदलल्यावर हा तोच कॅमेरा आहे का?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, फिल्म धुऊन आल्यावर सांगते.

२९/
मार्चमध्ये त्या पाझर तलावावर गेले. भिंत उभी आहे, तिच्यावर बाभळी वाढल्या आहेत, तळाला थोडे पाणी होते. आजीला सोबत नेले होते. तिने या भिंतीवर माती वाहिली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. कोणत्याही अहवालात तिचे नाव नाही. तिला भिंतीवर बसवले, गुंडी फिरवली, मग वेग लावला, दोन प्रतिमा जुळवल्या आणि कळ दाबली.

निगेटिव्ह धुऊन आली. खालच्या कडेला, उजव्या कोपऱ्याजवळ, ते कुसळ होते. वर दोन फुगवटे. बाबांना उत्तर मिळाले.

३०/
शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असा कॅमेरा, टाइपरायटर, रेडिओ किंवा शिवणयंत्र असेल. ते बदलण्याआधी, दुरुस्तीला देण्याआधी किंवा भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढे करा : सर्व बाजूंनी फोटो घ्या, क्रमांक लिहून ठेवा, त्या वस्तूतून निघालेले कागद वा निगेटिव्ह तिच्यासोबत ठेवा, आणि घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला तिच्याविषयी विचारा. दुरुस्ती केलीत तर जुने भाग मागून घ्या. दुरुस्त करायचे की बदलायचे, हे त्यानंतर ठरवले तरी चालते.

आणि १९७२च्या दुष्काळातील निगेटिव्ह कोणाच्या घरी असतील तर जरूर कळवा. नगर, बीड, सोलापूर, कुठल्याही असोत. कॅमेराही अजून घरात असेल, तर तो कोणाला देऊ नका.

थ्रेड समाप्त.